पाडव्याचं मोकळं रान

गावात मला सगळे बाई म्हणतात. निम्म्या गावाला बाराखडी मी शिकवली आहे आणि उरलेल्यांच्या आयांनाही. छडी कधी हातात धरली नाही. नुसतं चष्म्यावरून बघितलं की वर्ग चिडीचूप व्हायचा. त्यामुळे अन्नपूर्णाबाई कोणाला भीत नाही, असा गावाचा समज आहे. तो खोटा आहे. मी एका शब्दाला जन्मभर भीत आले. कूळ.

माझ्या सासऱ्यांची बारा एकर काळी जमीन कुळाच्या नावे झाली. कायद्याने झाली आणि न्यायानेही झाली. कसणारा उन्हात राबत होता आणि सासरे ओट्यावर बसून पान खात होते. हे मी वर्गात मुलांना न अडखळता शिकवलंही. पण घरात सासूबाई मरेपर्यंत त्या बारा एकरांचं नाव घेऊन रडायच्या आणि ते रडणं ऐकत मी तीस वर्षं भाकरी थापल्या. शिकवणं वेगळं, पोटातली भीती वेगळी.

नवरा गेल्यावर माझ्या वाट्याला साडेचार एकर बरड राहिलं, लोणारच्या रस्त्याला, गावापासून दीड कोसावर. नांगर घातला तर फाळच मोडायचा, असली मुरमाड जमीन. तिथे पिकायचं फक्त गवत, पण ते मात्र असं की पावसाळा सरता सरता माणूस बसला तर दिसत नसे. मधोमध एक बाभूळ आणि तिच्या बुडाशी गुरांना पाणी पाजायचा जुना दगडी हौद.

ते रान उकंडरावाने चराईला मागितलं. उकंडराव म्हणजे आमच्या गावचा घोडीवाला. लग्नाच्या वरातीला घोड्या पुरवायच्या, हा त्याच्या घरचा तीन पिढ्यांचा धंदा. त्याच्याकडे तीन घोड्या होत्या. त्यातली चांदणी पांढरीशुभ्र, कपाळावर भोवरा असलेली. बँडच्या दणदणाटात, फटाक्यांच्या धुरात ती कधी बुजली नाही. मेहकरपासून देऊळगाव राजापर्यंतचे नवरदेव तिच्यावर बसले आहेत. नवरदेवांचे पाय कापायचे, तिचे नाही.

पूर्वी हा माणूस गावच्या ई-क्लासवर, म्हणजे सरकारी गायरानावर घोड्या चारायचा. आता ई-क्लासवर कोणाचं सोयाबीन आहे, कोणाचं घरकुल आहे. उरली ती रस्त्याकडेची हातभर पट्टी. म्हणून तो माझ्याकडे आला होता. मी विचारात पडले हे त्याने बरोबर हेरलं.

"बाई, तुमच्या मनात काय हाय ते मले समजते," तो ओट्याखाली उभा राहून म्हणाला. "लोकं तुमचे कान भरतीन, का उकंड्या रान बळकावते. तं आपण एक करू. बोली पाडवा ते पाडवा. अन पाडव्याच्या दिवशी सकाळी मी सगळे जनावरं बाहेर काढीन. दिस मावळेपर्यंत रानात माझं जनावर नाही, माझा पाय नाही. वर्षातून एक दिवस रान तुमच्यापाशी मोकळं. मंग तुमची मर्जी झाली तं पुन्हा द्या."

ही रीत त्याने घातली, मी नाही. मला धीर यावा म्हणून घातली. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीवर आहे.

नऊ वर्षं ती रीत चालली. पाडव्याला सकाळी मी गुढी उभारत असताना तो रस्त्यावरून घोड्या घेऊन जायचा आणि माझ्या दारासमोर थांबून ओरडायचा, "बाई, रान मोकळं झालं!" मग बरडातल्या गवताची एक पेंढी माझ्या ओट्यावर ठेवायचा. दिवसभर पेंढी माझ्याकडे. दिवस मावळला की तो यायचा आणि मी पेंढी त्याच्या हातात परत द्यायची, सोबत घोड्यांसाठी गुळाचा खडा. झाली पुढच्या वर्षाची बोली. ना कागद, ना साक्षीदार. तहसीलसमोर स्टॅम्प विकणारा माझा पुतण्या गोविंदा या रीतीला हसायचा. पण मला त्या एका दिवसात जी झोप लागायची ना, ती वर्षभर पुरायची.

मागच्या पाडव्याला उकंडराव आला तो एकटाच. घोड्या नाहीत, पेंढी नाही. अंगात सदरा नाही, नुसती बंडी, आणि तिला रक्ताचे डाग. मी गुढीला कडुलिंबाचा डहाळा बांधत होते. गोविंदा सणाला म्हणून आलेला, तो आत श्रीखंड खात बसला होता.

"बाई, चांदणी व्याली पहाटे. शिंगरू झालं. पांढरंच हाय, आईवानी."

"बरं झालं की," मी म्हणाले.

"हाव. पण वार पडली नाही अजून, आतच अडकली हाय. जनावर बेचैन हाय. डॉक्टरले फोन केला, तं तो म्हणे सणाचा दिवस हाय, दुपारी येतो रानात. बाकी दोन्ही घोड्या काढल्या म्या बाहेर. चांदणीले तेवढं आजच्या दिवस राहू द्या तिथं. बाभळीखाली सावली हाय, हौदात पाणी हाय. अशा हालतीत दीड कोस चालवणं बरं नाही."

मी हो म्हणणारच होते. खरंच सांगते, शब्द ओठावर होता. तेवढ्यात गोविंदा वाटी घेऊन दारात आला.

"काकू, एक डाव रीत मोडली का मोडली," तो म्हणाला. "दहावं साल लागून राह्यलं. उद्या हाच म्हणीन, मी रान सोडलंच नव्हतं. मंग बसा तुम्ही कोर्टाच्या पायऱ्या चढत. बारा एकर गेले तेव्हा बी असंच गोड बोलून गेले."

बारा एकर. सासूबाईंचा आवाज माझ्या कानात जसाच्या तसा उठला. उकंडराव गोविंदाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. याच गोविंदाच्या वरातीला, घोडी फटाक्याने बुजू नये म्हणून तो माणूस गावभर लगाम धरून उलटा चालला होता.

"डॉक्टरले घरीच बोलाव ना," मी म्हणाले. "घरी सावली नाही का? बोली ते बोली, उकंडराव."

त्याने हुज्जत घातली असती तर बरं झालं असतं. चार शब्द मला सुनावले असते, तर मी चिडून चार सुनावले असते आणि शेवटी हो म्हटलं असतं. माझा स्वभाव तसाच आहे. पण तो फक्त "हाव" म्हणाला आणि गेला.

दहाच्या सुमाराला ते रस्त्याने आले. पुढे उकंडराव, खांद्यावर शिंगरू, त्याचे लांब पाय छातीवर दोन्ही हातांनी धरलेले. मागे चांदणी. तिला दावं नव्हतं, लेकराच्या वासाने ती येत होती. दहा पावलं चालायची आणि थांबायची. तिच्या मागे उकंडरावाची बायको विमलबाई ओलं पोतं घेऊन, घोडीच्या पाठीवर टाकायची, पुन्हा भिजवायची. माझ्या दारासमोर चांदणी उभीच राहिली. मान खाली घालून, बराच वेळ.

उकंडरावाने घराकडे तोंड केलं. "बाई, रान मोकळं झालं," तो म्हणाला. या वेळी ओरडला नाही.

मी पडद्याआड होते. बाहेर आले नाही. लाज वाटली म्हणून आले नाही, हे आज कबूल करते. तेव्हा म्हटलं होतं, पुरणाला चटका लागेल.

दिवस मावळला तरी पेंढी घ्यायला कोणी आलं नाही. यायचं कसं, पेंढी आणलीच नव्हती. मी गुळाचा खडा काढून ठेवला होता, त्याला मुंग्या लागल्या. दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी दूधवाला सांगून गेला की चांदणी मेली.

नऊ वर्षांत मी उकंडरावाच्या घरी कधी गेले नव्हते. त्या दिवशी गेले. उकंडराव नव्हता. विमलबाई अंगणात बसून शिंगराला बाटलीने बकरीचं दूध पाजत होती. मला बघून उठली नाही. बस म्हणाली नाही. मी आपली टेकले.

"डॉक्टर आला नव्हता का गं?"

"आला होता," ती शिंगराकडे बघतच बोलली. "दुपारी बरडावर आला. पाह्यलं तं रान मोकळं. त्यानं फोन लावला. फोन कुठं वाजला मालूम हाय? तिथंच, बाभळीले. शिंगरू पुसायले यांनी सदरा काढला होता, तो वाळायले टाकला अन तसाच राह्यला. फोन त्याच्याच खिशात. डॉक्टरनं दोन हाका मारल्या अन गेला निघून. त्याले वाटलं, दुसऱ्या कोणाले बोलावलं असन."

"मग तुम्ही दुसऱ्याच्या फोनवरून..."

"नंबर त्या फोनातच." तिने बाटली तिरपी केली. "घरी आल्या आल्या यांच्या ध्यानात आलं का सदरा राह्यला. मी म्हणलं, जा, घेऊन या, घोडी तडफडून राह्यली. जाता येतं ना बाई, सायकलवर पंधरा मिनिटं. तं म्हणे, आज रानात आपल्या घरच्या कोणीच पाय टाकायचा नाही. बोली हाय. दिस मावळू दे."

"आणि मावळल्यावर?" मी विचारलं.

"दिस मावळल्यावर गेले. डॉक्टर सकाळी आला. वार काढली त्यानं, इंजेक्शनं देल्ले. म्हणे, घोडीले गाईसारखा दम नसते, तिले काही घंट्यांतच दवा लागते. अंगात जहर पसरलं होतं." शिंगरू दूध संपवून रिकामी बाटली ओढत होतं. "दोन दिवस उभी होती. बसली नाही. याले पाजत राह्यली."

थोड्या वेळाने उकंडराव आला, खांद्यावर फावडं, पाय मातीने भरलेले. त्याने मला पाहिलं आणि फावडं भिंतीला टेकवलं. मी उठून उभी राहिले. वर्गात कधी कोणासमोर उठले नव्हते.

"कुठे पुरलं?" मी विचारलं.

"रस्त्याच्या कडेले. ई-क्लासच्या पट्टीत."

"बरडात का नाही पुरलं? तिचंच रान होतं ते."

"तुमच्या रानात खड्डा कसा खणू, बाई?" तो साध्या आवाजात म्हणाला. "उद्या कोणी म्हणीन, उकंड्यानं खूण करून ठेवली."

त्याने टोमणा मारला नव्हता. टोमणा मला कळतो, मी स्वतः त्यात पटाईत आहे. त्याला खरंच तसं वाटलं होतं. घोडी मेल्यावरही तो माझी भीतीच सांभाळत होता. मी घरी येऊन सासूबाईंचा फोटो भिंतीवरून काढला आणि ट्रंकेत उलटा ठेवला. मेलेल्या बाईवर राग काढण्यात काय अर्थ, पण काढला.

आठ दिवसांनी मी बसने मेहकरला गेले. तिथे मंजुश्री वकिली करते; चौथीत माझ्या वर्गात होती, पाढे कच्चे होते. तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"बाई, एका दिवसाने कोणी कूळ होतं, असं तुम्हाला सांगितलं कोणी?" ती म्हणाली.

"गोविंदाने."

"स्टॅम्प विकून वकील होता आलं असतं तर मी कशाला शिकले? कूळ ठरायला कायदा आहे, पुरावे आहेत, काळ आहे. एक आजारी जनावर एक दिवस सावलीत राहिलं म्हणून तुमचा सातबारा कुठे जात नव्हता. उलट कच्ची बाजू त्याचीच होती. नऊ वर्षं तोंडी बोलीवर. कोणत्याही दिवशी तुम्ही गेट लावलं असतं, तर त्याच्याकडे दाखवायला चिटोरं नव्हतं. मालकिणीला जसा जमिनीचा हक्क, तसा चराईने घेणाऱ्यालाही असतो. ठरलेल्या मुदतीत त्याला नीट चारू द्यायचं, काढायचं तर आधी लेखी कळवायचं. सकाळी येऊन सकाळी बाहेर हो, असं नसतं. म्हणून कागद करायचा असतो. तो दोघांची भीती घालवायला असतो."

"पण पाडव्याचा दिवस? ती तर बोली होती ना?"

मंजुश्रीने चष्मा काढला. "ती बोली होती, बाई. पण ती तुमच्यासाठी होती. पाळायला लावणं तुमच्या हातात होतं आणि त्या दिवसापुरती सोडून देणंही तुमच्याच हातात होतं. ते सोडणं मात्र कायद्याने तुमच्याकडून कोणी करवून घेतलं नसतं."

पाढे कच्चे असलेली मुलगी मला एवढं सरळ सांगून गेली. मी तिच्याकडून कागद करून घेतला. मुदत पाडवा ते पाडवा. हौद आणि कुंपण दुरुस्त ठेवणं मालकिणीकडे. रान सोडायला सांगायचं तर तीन महिने आधी लेखी. आजारी किंवा व्यालेलं जनावर डॉक्टर म्हणेपर्यंत हलवायचं नाही. आणि शेवटची ओळ मी माझ्या तोंडाने सांगितली: चरणारं जनावर मेलं तर त्याला याच रानात पुरावं, मालकिणीची मुभा आहे.

तो कागद घेऊन मी उकंडरावाकडे गेले, वाचून दाखवला. तो शेवटपर्यंत उभ्याने ऐकत होता.

"चांगला हाय कागद," तो म्हणाला. "पण ठेवा, बाई. यंदा मी पेंढीच आणली नाही. बोली झालीच नाही."

"अरे, मी देऊन राह्यले ना!"

"तुम्ही देऊन राह्यल्या, पण माझ्या मनानं घेतलं पाह्यजे ना." आणि मग, माझा चेहरा बघून असेल, तो हळू बोलला, "तुमच्यावर राग नाही. रीत मीच घातली होती. पण त्या बाभळीखाली मले जावत नाही आता."

वर्षभर त्याने विमलबाईच्या माहेरी, दोन गावं पलीकडे, घोड्या ठेवल्या. रोज सायकलवर जायचा-यायचा, या वयात. बरड मोकळं राहिलं. एक दिवस नाही, वर्षभर. पाऊस पडला, गवत माझ्या खांद्याला लागलं, वाळलं, आडवं झालं. गोविंदा म्हणाला, "काकू, आता झोपा सुखानं. ना कूळ, ना कटकट." मी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं. तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. जन्मभर मला जे हवं होतं ते मिळालं होतं, कोणाचा पाय नसलेलं रान, आणि तिकडे बघवत नव्हतं.

यंदाच्या पाडव्याला मी गुढी उभारली आणि विळा घेऊन बरडावर गेले. सत्तरी उलटलेली बाई विळा धरते तेव्हा गवत कमी आणि बोटं जास्त कापली जातात. बाभळीखाली कापायला घेतलं. तिथलं गवत अजून दबलेलं होतं की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही. एक पेंढी बांधली, डोक्यावर घेतली आणि चालायला लागले. दीड कोस. ऊन तेच, रस्ता तोच, वेळही तीच. रस्त्याकडेच्या पट्टीत दगड रचलेला एक उंचवटा आहे, तिथे थांबले. पुढे दहा पावलं चालायची आणि थांबायची, असं होऊ लागलं. ती कशी चालली असेल हे मला तेव्हा पायांनी कळलं. एक-दोघांनी मोटारसायकल थांबवून "बसा ना बाई" म्हटलं. मी बसले नाही.

उकंडराव दारात दावं वळत होता. मी पेंढी त्याच्या ओट्यावर ठेवली आणि खाली उभी राहिले, नऊ वर्षं तो उभा राहायचा तशी.

"उकंडराव," मी म्हणाले, "चुकलं माझं."

एवढे दोन शब्द बोलायला मला एक वर्ष लागलं होतं. पोरांकडून मी ते दिवसातून दहादा वदवून घ्यायचे.

तो दावं वळतच राहिला. विमलबाईने आतून पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्या हातात दिला. बोटं बघून हळदही आणली. "बसा," ती म्हणाली. मी ओट्याच्या कडेला बसले. रीतीप्रमाणे पेंढी दिवसभर ज्याच्या ओट्यावर, तोच मावळतीला ती परत देणार किंवा देणार नाही. दुपार झाली. तिने भाकरी वाढली, खाल्ली. दिवस कासराभर राहिला, तरी तो गोठ्यातच काहीतरी करत होता.

मावळतीला तो बाहेर आला. सोबत शिंगरू होतं. सणाला म्हणून दोन दिवस घरी आणलेलं. आता शिंगरू कसलं, वर्षाचं धष्टपुष्ट जनावर, पांढरं, कपाळावर भोवरा. उकंडरावाने पेंढी उचलली. मी हात पुढे केला. त्याने ती माझ्या हातात दिली नाही. गाठ सोडली आणि गवत शिंगरासमोर टाकलं. ते आधी नुसतं हुंगत राहिलं, बराच वेळ, आणि मग खायला लागलं.

"जलमलं तिथलं गवत, पह्यल्यांदा खाऊन राह्यलं ते," उकंडराव म्हणाला.

आम्ही तिघं बघत होतो. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"उद्या तो कागद आणा, बाई," तो म्हणाला. "मी आंगठा देतो. अन ते शेवटची ओळ खोडू नका, पुरायची."

"नाही खोडत," मी म्हणाले.